विश्लेषण : कॉलेजात असताना मार्शल आर्ट्सचा क्लास लावावा का? ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी विद्यार्थीदशेत काय ठरवले?

कॉलेजला प्रवेश मिळाला, की कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदोचा क्लास लावावा का, हा विचार अनेक मुलामुलींच्या मनात येतो. अभ्यास मागे पडेल, हातपाय मोडून घ्याल, आजच्या काळात याचा उपयोग काय, असे घरचे म्हणतात. साधारण दीडशे वर्षांपूर्वी टोक्योतील एका किरकोळ अंगाच्या विद्यार्थ्यालाही वडिलांनी असाच नकार दिला होता. त्याने तरीही क्लास लावला आणि पदवीही पूर्ण केली. त्या क्लासमधूनच पुढे ज्युदो जन्माला आला. त्या विद्यार्थ्याचे नाव जिगोरो कानो. त्यांनी हा निर्णय कसा घेतला, शिक्षक कसा निवडला आणि अभ्यासाचे काय झाले, याविषयी…

जिगोरो कानो कोण होते?

कानो यांचा जन्म १८६० मध्ये जपानमधील मिकागे या गावी झाला. हे गाव आता कोबे शहराचा भाग आहे. आईच्या माहेरचा व्यवसाय साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळण्याचा. वडील मात्र या धंद्यात न पडता सरकारी जहाज वाहतुकीच्या कामात होते. शिक्षणावर त्यांचा भर होता. जिगोरो नऊ-दहा वर्षांचा असताना आई गेली आणि त्यानंतर वडिलांनी मुलाला टोक्योला आणले. चिनी अभिजात ग्रंथांबरोबर त्याला इंग्रजीचीही शिकवणी लावण्यात आली.

तो काळ जपानच्या उलथापालथीचा होता. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता संपून सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे सरकार आले होते. रेल्वे, तारायंत्र, पाश्चात्त्य कायदे, पाश्चात्त्य पोशाख असे सगळेच एकदम येत होते. हुशार मुलाने इंग्रजी शिकावे, विद्यापीठात जावे आणि सरकारात मोठ्या पदावर बसावे, अशी सुस्थितीतील घरांची अपेक्षा होती. जिगोरोसाठीही वाट हीच आखलेली होती.

मार्शल आर्ट्स शिकावेसे का वाटले?

कारण अगदी साधे होते. १८७४ मध्ये, चौदाव्या वर्षी, जिगोरोला एका खासगी निवासी शाळेत घातले गेले. शिक्षक परदेशी आणि शिकवणे इंग्रजी-जर्मनमधून. अभ्यासात तो पुढे होता, पण अंगाने लहान. तरुणपणी त्याची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच आणि वजन ४१ किलोच्या आसपास होते. शाळेतील दांडगट मुले त्याला त्रास देत, मारहाण करीत. गुण चांगले मिळवूनही ते थांबेना.

जुजुत्सु ही विद्या येत असेल तर कमी ताकदीचा माणूसही बलवानाला पाडू शकतो, हे त्याच्या कानावर होते. जुजुत्सु म्हणजे सामुराईंची नि:शस्त्र झुंजीची कला. त्यात फेकणे, सांधे मुरगळणे, गळा आवळणे, मर्मावर आघात करणे असे सगळे येते. घरी येणाऱ्या एका परिचिताने, नाकाई बाइसेई या शोगुनांच्या जुन्या रक्षकाने, त्याला काही डाव करूनही दाखवले. मात्र शिकवायला त्यांनी नकार दिला. घराशी संबंध असलेल्या आणखी दोघांना ही विद्या येत होती. त्यांच्याकडूनही काही साधले नाही.

वडिलांचा विरोध कशासाठी होता?

वडिलांच्या मते जुजुत्सुचे दिवस संपले होते आणि ते शिकण्याची गरजच उरली नव्हती. त्या वेळची परिस्थिती पाहिली तर हे मत चुकीचे म्हणता येत नाही.

नव्या राजवटीत सामुराई वर्गाचे विशेष अधिकार गेले. १८७६ मध्ये तर जाहीरपणे तलवार बाळगण्यावरच बंदी आली. ज्यांच्या आश्रयावर या विद्या जगत होत्या, ते सरदारच राहिले नाहीत. जुजुत्सुचे वस्ताद पोटासाठी हाडे बसवण्याचे काम करू लागले. काहींनी तिकीट लावून झुंजींचे खेळ केले. सुशिक्षित घरांत ही विद्या म्हणजे जुनाट आणि काहीशी गुंडगिरीची गोष्ट समजली जाई. कुलीन, इंग्रजी शिकलेल्या मुलाने तिच्या नादी लागावे, हे कोणत्या बापाला रुचले असते?

मग शिक्षक सापडला कसा?

१८७७ मध्ये टोक्यो विद्यापीठाची स्थापना झाली आणि कानो तेथे विद्यार्थी होते. सतरा वर्षांच्या या तरुणाने स्वत:च शोध सुरू केला. शोधाची पद्धत पाहण्यासारखी आहे. जुजुत्सुच्या तालमींच्या पाट्या फारशा उरल्या नव्हत्या. म्हणून कानो यांनी हाडवैद्य गाठायला सुरुवात केली. हाडे बसवणाऱ्यांत जुने जुजुत्सु शिक्षक सापडतील, असा त्यांचा तर्क होता.

तो खरा ठरला. यागी तेइनोसुके या हाडवैद्याने स्वत: शिकवण्याऐवजी त्यांना फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठवले. फुकुदा हे तेन्जिन शिन्यो-र्यू या घराण्याचे वस्ताद. हाडवैद्यकीच्या खोलीला लागूनच त्यांची तालीम होती. जागा दहा ततामी चटयांची, म्हणजे साधारण पावणेदोनशे चौरस फूट, मुंबईतील चाळीच्या खोलीएवढी. नियमित येणारे विद्यार्थी मोजकेच. कानो यांनी येथे नाव घातले.

क्लासमध्ये काय शिकवले जाई?

सुरुवातीला बहुतेक वेळ आपटून घेण्यात जाई. फुकुदा सिद्धांत सांगत बसत नसत. एकदा त्यांनी एक डाव टाकला तेव्हा कानो यांनी हात कुठे, पाय कुठे, अशी चौकशी सुरू केली. उत्तरादाखल फुकुदांनी त्यांना पुन्हा फेकले. पुन्हा प्रश्न, पुन्हा फेक. करून करूनच समजते, हा त्यातला धडा होता.

विद्यापीठात तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलाला ही पद्धत अपुरी वाटली, तरी त्यांनी क्लास सोडला नाही. अंगभर खरचटलेले असे. त्यावर ते मलम चोपडत आणि त्याच्या उग्र वासावरून मित्र त्यांची चेष्टा करीत. त्या दिवसांतील त्यांचा ठिगळे लावलेला सरावाचा अंगरखा कोडोकान संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

तालमीत फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सहकारी होता. तो कानो यांना काही केल्या पडेना. आधी त्यांनी सुमो कुस्तीतील डाव शिकून पाहिले, पण ते चालले नाहीत. मग त्यांनी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तके चाळली. प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला खांद्यावर आडवा उचलायचा आणि पलीकडे टाकायचा, असा डाव त्यांना तेथे मिळाला. तो मित्रांवर घोटून घेतला आणि एक दिवस फुकुशिमाला पाडले. ज्युदोत आज हा डाव ‘काता-गुरुमा’, म्हणजे खांद्यावरचे चाक, म्हणून ओळखला जातो. अडलेल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात शोधणारा विद्यार्थी त्या तालमीने बहुधा आधी पाहिला नसावा.

पुढे शिक्षक का बदलावे लागले?

ऑगस्ट १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट जपानला आले असताना त्यांच्यापुढे जुजुत्सुची प्रात्यक्षिके झाली. फुकुदांबरोबर कानो यांचाही त्यात सहभाग होता. त्यानंतर काही दिवसांतच फुकुदा वारले. ते ५२ वर्षांचे होते. तालमीच्या पोथ्या कानो यांच्याकडे आल्या.

शिकणे सुरू ठेवण्यासाठी कानो त्याच घराण्याचे वयोवृद्ध वस्ताद इसो मासातोमो यांच्याकडे गेले. इसोंचा भर ‘काता’वर, म्हणजे ठरावीक क्रमाने घोटायच्या हालचालींवर होता. १८८१ मध्ये तेही गेले. मग कानो यांनी इइकुबो त्सुनेतोशी यांना गुरू केले. ते किटो-र्यू या दुसऱ्या घराण्याचे. तेथे भर फेकण्यावर आणि ‘रांदोरी’वर, म्हणजे समोरच्याशी मोकळेपणाने झटून सराव करण्यावर होता.

पाच वर्षांत तीन गुरू आणि दोन घराणी झाली. याचा एक फायदा झाला. आपल्या घराण्याचेच खरे, असा हट्ट कानो यांच्यात निर्माण झाला नाही. कोणाकडे काय चांगले आहे, याची तुलना ते करू लागले.

अभ्यासाचे काय झाले?

कानो यांनी शिक्षण अर्धवट सोडले नाही. १८८१ मध्ये त्यांनी राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली. अर्नेस्ट फेनोलोसा या अमेरिकी प्राध्यापकांच्या हाताखाली ते शिकले. त्यानंतर आणखी एक वर्ष तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. याच काळात ते बेसबॉलही खेळत.

तालमीचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी पुढे स्वत: नोंदवला आहे. तरुणपणी त्यांचा स्वभाव तापट होता. सरावाने शरीर सुधारत गेले तसे मन शांत झाले, रागावर ताबा आला. दांडगटांना उत्तर द्यायला म्हणून सुरू केलेल्या गोष्टीचा हा परिणाम त्यांनाही अनपेक्षित होता. हे जर आपल्या बाबतीत घडले, तर इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीतही घडू शकते, असे त्यांना वाटू लागले. मात्र आहे त्या स्वरूपात जुजुत्सु सर्वांना शिकवता येणार नाही, हेही त्यांना दिसत होते. त्यातले अनेक डाव जीवघेणे होते आणि दुखापती नित्याच्या.

ज्युदो वेगळा कसा ठरला?

१८८२ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, कानो यांनी टोक्योतील एइशो-जी या बौद्ध मंदिराची जागा घेऊन स्वत:ची शाळा काढली. बारा चटया आणि नऊ विद्यार्थी. तिचे नाव कोडोकान, म्हणजे मार्गाचा अभ्यास करण्याचे ठिकाण. ‘जुजुत्सु’तील ‘जुत्सु’ म्हणजे कसब. त्याजागी त्यांनी ‘दो’, म्हणजे मार्ग, हा शब्द घेतला. विद्यार्थी आपटू लागले की मंदिराची जमीन हादरे, पूर्वजांच्या स्मृतिफलकांच्या पाट्या खाली पडत आणि भिक्षू तक्रार करीत. खचलेली जमीन सावरायला कानो स्वत: खाली शिरत. दिवसा ते गाकुशुइन या उमरावांच्या मुलांच्या शाळेत शिकवत आणि तालमीचा खर्च भागवण्यासाठी रात्री इंग्रजीतून भाषांतरे करीत.

त्यांनी मुख्यत: तीन बदल केले.

पहिला बदल सुरक्षिततेचा. आघात आणि इतर घातक डाव मोकळ्या सरावातून काढून ते फक्त ‘काता’मध्ये ठेवले. पडायचे कसे, हे विद्यार्थ्याला आधी शिकवले जाऊ लागले. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि हाताचा चटईवर सपाट फटका, म्हणजे पडण्याचा जोर एका जागी न बसता पसरतो.

दुसरा बदल डावामागचे कारण सांगण्याचा. इइकुबोंशी सराव करताना कानो यांच्या लक्षात आले, की डाव टाकण्याआधी समोरच्याचा तोल मोडला तर ताकद फारच कमी लागते. हे साधे स्थितिशास्त्र आहे. माणूस उभा असताना त्याच्या गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा दोन पावलांमधील जागेत पडते, तोवर तो स्थिर असतो. ती रेषा बाहेर गेली की त्याला पाऊल टाकावे लागते. नेमके तेच पाऊल अडवले, तर तो पडतो. समोरच्याने ढकलले तर उलट न ढकलता ओढायचे. त्याने ओढले तर त्याच दिशेने ढकलायचे. या तत्त्वाला ‘कुझुशी’ म्हणतात. ते गवसल्यावर झालेल्या सरावात इइकुबोंचा एकही डाव चालला नाही. आता आपल्याकडे शिकवण्यासारखे काही उरले नाही, हे गुरूंनी मान्य केले.

तिसरा बदल प्रगती मोजण्याचा. जुन्या घराण्यांत प्रमाणपत्र मिळायला वर्षानुवर्षे लागत. कानो यांनी १८८३ पासून ‘दान’ ही श्रेणी सुरू केली. काही वर्षांनी दान मिळवणारे काळा पट्टा बांधू लागले. पुढे १९२२ मध्ये ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांना कानो यांनी कोडोकानमध्ये कराटेच्या प्रात्यक्षिकासाठी बोलावले. त्यानंतर कराटेनेही पांढरा गणवेश आणि दान पद्धत उचलली. गल्लोगल्लीच्या कराटे क्लासमधील ब्लॅक बेल्टचा उगम असा कोडोकानमध्ये आहे.

मुलींना प्रवेश होता का?

कोडोकानच्या सुरुवातीच्या काळात नव्हता. १८९३ च्या सुमारास कानो यांनी मोजक्या स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली. महिलांचा स्वतंत्र विभाग व्हायला १९२६ साल उजाडले. मुलींचे प्रशिक्षण वेगळे ठेवलेले असे आणि स्पर्धांपासून त्यांना दूर ठेवले जाई. ऑलिम्पिकमध्ये महिला ज्युदोला पदकांचा दर्जा मिळाला तो थेट १९९२ मध्ये, बार्सिलोना येथे. ज्युदोच्या इतिहासातील ही मोठी उणीव म्हणावी लागेल.

कानो यांची मुख्य ओळख शिक्षक म्हणूनच का?

ज्युदो हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय कधीच नव्हता. ते कुमामोतोच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि लेखक लाफ्काडिओ हर्न यांना तेथे त्यांनीच नेमले. १८९३ पासून १९२० पर्यंत, मधले काही खंड वगळता, ते टोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते. जपानभरच्या शाळांसाठी शिक्षक येथे घडत. चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काढलेल्या संस्थेत पुढे मोठे साहित्यिक झालेले लू शुन शिकले. १९११ मध्ये जपानच्या माध्यमिक शाळांत ज्युदो आणि केंदो हे विषय म्हणून शिकवण्याची मुभा मिळाली.

१९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे पहिले आशियाई सदस्य बनले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला जपानने प्रथमच पथक पाठवले. खेळाडू दोनच होते आणि कानो पथकप्रमुख. त्यांतील मॅरेथॉन धावपटू शिझो कानाकुरी हा त्यांच्याच विद्यालयाचा विद्यार्थी. ज्युदो ऑलिम्पिकमध्ये यावा यासाठी मात्र कानो यांनी स्वत: धडपड केली नाही. आपली विद्या केवळ पदकांपुरती उरेल, ही शंका त्यांना होती.

उतारवयात त्यांनी आपली शिकवण दोन सूत्रांत मांडली. एक म्हणजे शरीर आणि मनाच्या शक्तीचा उत्तम उपयोग. दुसरे म्हणजे आपले आणि दुसऱ्याचे कल्याण एकत्र साधणे. दुसऱ्या सूत्राचा अर्थ तालमीत रोज दिसतो. जोडीदार विश्वासाने अंग देतो म्हणून आपल्याला डाव शिकता येतो. त्याला इजा झाली तर आपलाही सराव थांबतो.

भारताशी काय संबंध?

रवींद्रनाथ टागोर यांना जपानी विद्यांचे आकर्षण होते. १९२९ मध्ये कोडोकानचे शिक्षक शिंझो ताकागाकी शांतिनिकेतनमध्ये ज्युदो शिकवायला आले. मुलांबरोबर मुलीही तेथे शिकल्या. जपानमध्ये महिला विभागाला तीनच वर्षे झाली होती, हे लक्षात घेता ही बाब लक्षणीय आहे.

अखेर कशी झाली?

१९४० चे ऑलिम्पिक टोक्योला मिळावे यासाठी कानो यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली. १९३६ मध्ये त्यांना यश आले. पण १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटले आणि यजमानपदावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. मार्च १९३८ मध्ये कैरोच्या बैठकीत त्यांनी टोक्योची बाजू टिकवली. परतीच्या प्रवासात ‘हिकावा मारू’ या जहाजावर ४ मे १९३८ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ते ७७ वर्षांचे होते. दोन महिन्यांनी जपानने यजमानपद सोडले.

युद्धकाळात शाळांतील ज्युदो लष्करी कवायतीला जुंपला गेला. त्यामुळे पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शाळांत त्यावर बंदी घातली. ती १९५० मध्ये उठली. १९६४ मध्ये टोक्योतच ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आला. खुल्या गटाचे सुवर्ण नेदरलँड्सच्या अँटन गेसिंक यांनी जपानी प्रतिस्पर्ध्याला हरवून नेले.

आजच्या विद्यार्थ्यासाठी यात काय आहे?

कानो यांचा निर्णय तीन गोष्टींमुळे फळाला आला. त्यांनी शिक्षक पारखून घेतला. समोर आलेल्या पहिल्या क्लासला पैसे भरले नाहीत. एका गोष्टीसाठी दुसरी सोडली नाही. पदवी आणि तालीम दोन्ही चालू ठेवले आणि त्या शिक्षणाचाच पुढे तालमीला उपयोग झाला. तिसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या दुखण्याला आणि कंटाळ्याला ते पुरून उरले.

त्यांच्या अनुभवातून क्लास निवडण्याची एक कसोटीही मिळते. पहिले काही आठवडे पडायला शिकवतात का, जोडीदाराच्या सुरक्षिततेकडे लक्ष देतात का आणि प्रश्न विचारला तर उत्तर मिळते का, हे क्लासला जाऊन, एक-दोन दिवस बाजूला बसून पाहता येते. काही महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी देणाऱ्या ठिकाणी सावध राहिलेले बरे.

वडिलांच्या आक्षेपाचे काय? जुजुत्सु कालबाह्य झाले आहे, हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते. मुलाने ते नाकारले नाही. कालबाह्य झालेले काय आणि टिकण्यासारखे काय, हे त्याने वेगळे केले. त्यासाठी आधी पाच वर्षे रोज चटईवर पडावे लागले.